जॉर्जियन हॉटेलात काय मागवावं? अक्रोडापासून सुरुवात करा

रानजाई

जॉर्जियाला जाऊन आलेल्या कुणालाही तिथल्या जेवणाबद्दल विचारा, दोन नावं हमखास ऐकू येतात: खाचापुरी, म्हणजे चीज भरलेली रोटी, आणि खिंकाली, म्हणजे आत सारण आणि रस्सा असलेला मोदकासारखा उकडलेला प्रकार. आठवडाभर दोन्ही वेळा खाचापुरी खाल्लेली मंडळी मग "चव छान, पण फार जड" असा शेरा देतात. तो ऐकला की मला राहवत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे आमचा जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, चांगला लांब मुक्काम झाला. सोलोलाकी आणि वेरा या जुन्या वस्त्यांतल्या साध्या, घरगुती हॉटेलांत मी मनापासून जेवले, स्वयंपाकघरात डोकावून बायकांना विचारून घेतलं. माझं ठाम मत असं झालं की या जेवणाचा जीव अक्रोडाच्या वाटणात आहे. चीजचा मान त्यानंतर.

हे वाटण कसं असतं ते आधी सांगते, म्हणजे मेनूकार्ड आपोआप उलगडतं. अक्रोड तेल सुटेपर्यंत वाटायचे. त्यात लसूण, धने, ताजी कोथिंबीर, तांबडी मिरची, थोडं व्हिनेगर, मीठ. शिवाय दोन गोष्टी खास तिथल्या. एक म्हणजे निळ्या फुलांची मेथी, आपल्या मेथीपेक्षा कितीतरी सौम्य, जवळजवळ कडूपणा नसलेली. दुसरी म्हणजे वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्यांची पूड. होय, आपण दसऱ्याला तोरणात ओवतो तोच झेंडू. तिथे त्याला इमेरेतीचं (हा तिथला पश्चिमेकडचा भाग) केशर म्हणतात आणि बाजारात पिवळ्याधमक राशी लावून विकतात. रेल्वे स्टेशनजवळच्या देझेर्तीर बाजारात गेलात तर मसालेवालीकडे पहिला नंबर त्याचाच असतो.

आता याच वाटणाची रूपं बघा. पालक, बीटची पानं, कोबी किंवा फरसबी उकडून, घट्ट पिळून, बारीक चिरून त्यात मळली की झाली प्खाली. वर डाळिंबाचे दाणे. वांग्याचे लांब पातळ काप तळून त्यात हे वाटण गुंडाळलं की बद्रिजानी. पातळ केलं की बाझे, ते तळलेल्या कोंबडीबरोबर किंवा माशाबरोबर. कोंबडीच्या किंवा टर्कीच्या स्टॉकमध्ये शिजवून, दालचिनी-लवंग घालून गार केलं की सात्सिवी, नववर्षाच्या ताटातला मानाचा पदार्थ. काकडी-टोमॅटोची कोशिंबीरसुद्धा अक्रोड घालून आणि न घालता अशी दोन प्रकारची मिळते. अक्रोडाचीच मागवा.

हे सगळे पदार्थ गारच वाढतात. पाहुणे मंडळी प्लेटला हात लावून "हे गरम करून आणा" म्हणतात, तेव्हा वेटरची पंचाईत होते. गरम केलं तर वाटण फुटतं, तेल वेगळं होतं. गारच खा, सोबत गरम शोती घ्या. शोती म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, होडीसारख्या आकाराची रोटी, तोने नावाच्या खोल मातीच्या भट्टीत भिंतीला थापून भाजतात. आपला तंदूर आणि त्यांची तोने एकाच घराण्यातली.

नव्या हॉटेलात गेल्यावर मी आधी फक्त प्खालीची प्लेट मागवायचे. अक्रोड जुने असतील तर घास गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला खवट चव राहते, ती कुठल्याच मसाल्याने झाकत नाही. प्खाली चांगली निघाली की पुढचं सगळं निर्धास्त मागवायचं. शरद ऋतूत, नवे अक्रोड उतरल्यावर, ही चव काही औरच असते.

मागवण्याची रीत आपल्याला सहज जमणारी आहे. तिथे ताट प्रत्येकाचं वेगळं नसतं, सगळं मधोमध येतं आणि जो तो वाढून घेतो. आधी सूप, मग मुख्य पदार्थ असा क्रमही कुणी पाळत नाही. जे तयार होईल ते येतं. म्हणून एकदम सगळं सांगू नका. चौघांत तीन गार पदार्थ, एक रोटी, एक गरम पदार्थ एवढ्याने सुरुवात करा. तिथल्या प्लेटा मोठ्या असतात आणि वाढणाऱ्याचा हात सढळ असतो.

देश छोटा असला तरी पूर्व-पश्चिमेत खूप फरक आहे. पूर्वेला कखेतीत गहू, द्राक्षं आणि भाजलेलं मांस. म्त्स्वादी तर द्राक्षवेलीच्या वाळक्या काटक्यांच्या निखाऱ्यावरच भाजायचं असा त्यांचा आग्रह. पश्चिमेला पाऊस जास्त, तिकडे मका, अक्रोड आणि तिखट. समेग्रेलोचं जेवण आपल्या जिभेला सगळ्यांत लवकर रुचेल. तिथली अजिका, म्हणजे मिरची-लसणीचं वाटण, खरोखर झणझणीत. मक्याच्या कण्यांची मऊ घोमी, तिच्यात सुलगुनी चीज घोटून केलेली तार सुटणारी एलारजी, बीफ-तांदूळ-अक्रोडाचं खारचो. डोंगरातल्या स्वानेतीतून मांस भरलेली कुबदारी रोटी आणि लसूण-मसाल्याचं मीठ आलंय. हे मीठ जरूर घेऊन या, साध्या उकडलेल्या बटाट्यावर भुरभुरलं तरी जेवण होतं.

खिंकालीबद्दल थोडक्यात. ती डोंगराळ भागातली. हाताने खायची, काट्याने टोचली की आतला रस्सा बशीत सांडतो. शेंडीला धरून खालचं वर करायचं, कडेला छोटा चावा घेऊन रस्सा शोषायचा, मग उरलेली खायची. शेंडी जाड आणि कच्चट असते, ती बशीत ठेवायची. वरून मिरपूड, बास. कोथिंबीर घातलेली शहरी, न घातलेली डोंगरी. बरोबर बिअर घेतात, वाइन नाही.

आंबट प्लमची ट्केमाली चटणी मागायला विसरू नका. हिरवी कच्च्या फळांची, लाल पिकलेल्यांची. तळलेल्या बटाट्यांबरोबर तर ती हवीच.

---

तिखटमीठ

रानजाई ताई, वाचनखूण साठवली. आम्ही ऑक्टोबरमध्ये जातोय. सासूबाई आणि मी पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. टूर कंपनीवाले म्हणतात की रोज संध्याकाळी इंडियन हॉटेलात नेऊ. मला ते नकोय. तिथलं शाकाहारी खरंच पोटभर मिळतं का, की नुसत्या कोशिंबिरीवर राहावं लागेल?

---

रानजाई

तिखटमीठ, अगदी पोटभर मिळतं, आणि त्याचं कारण तिथल्या धर्मात आहे. जॉर्जियन ऑर्थोडॉक्स चर्चचे उपास कडक असतात. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास, ७ जानेवारीच्या त्यांच्या नाताळाआधीचा, ऑगस्टमधला, शिवाय बुधवार-शुक्रवार. त्या दिवसांत मांस, दूध, अंडी काहीच चालत नाही. त्यामुळे शेकडो वर्षं निव्वळ भाज्या, कडधान्यं आणि अक्रोड यांवर चविष्ट स्वयंपाक करायची सवय त्या बायकांच्या हातात बसली आहे. हॉटेलात "समार्ख्वो" असं विचारा. उपासाचे पदार्थ म्हणजे काय ते वेटरला लगेच कळतं. "व्हेजिटेरियन" म्हटलं की कधीकधी मासे पुढे येतात. (मासे काही उपासांच्या दिवशी चालतात, तेवढं मात्र विचारून घ्या.)

तुमच्यासाठी लोबिओ आहे. लाल राजमा मातीच्या भांड्यात कांदा, कोथिंबीर, मसाला घालून शिजवतात, थोडा घोटतात. बरोबर म्चादी, म्हणजे मक्याची जाडसर भाकरी, आणि लोणची. त्यात जोंजोली नावाचं एक लोणचं असतं, एका झुडपाच्या कोवळ्या फुलकळ्यांचं, ते सोडू नका. अजाप्संदाली म्हणजे वांगी, बटाटा, टोमॅटो, ढोबळी मिरची एकत्र परतलेली भाजी. मशरूम मातीच्या तव्यावर भाजून. बटाट्याची आणि मशरूमची खिंकालीही मिळते.

सांभाळायच्या गोष्टी: लोबियानी म्हणजे राजमा भरलेली रोटी, राचा भागातल्या पद्धतीच्या लोबियानीत खारवलेलं डुकराचं मांस घालतात, साधी लोबियानी मागा. खाचापुरीवर बऱ्याचदा अंडं फासतात. सुलगुनी करताना दूध विरजायला पारंपरिक पद्धतीत प्राणिज रेनेट (वासराच्या जठरातून काढलेलं विरजण) वापरतात, सासूबाईंना ते चालत नसेल तर चीज टाळा. शाकाहारी खिंकाली मांसाच्या खिंकालीच्याच पाण्यात उकळतात का, हेही विचारा. "खोर्त्सिस गारेशे" म्हणजे मांसाशिवाय. हे दोन शब्द पाठ करून ठेवा.

---

गिरणगाव

धागा छान, माहिती पक्की, पण खाचापुरीला दुय्यम ठरवलंत ते मान्य नाही. मी बातुमीत जहाजाच्या कामासाठी राहिलोय आणि खाचापुरीसाठी मनापासून भांडेन.

खाचापुरी म्हणजे एक पदार्थ नव्हेच. इमेरेतीची गोल, बंद, आत ताजं, किंचित आंबट चीज. समेग्रेलोची तशीच पण वरूनही सुलगुनी पसरलेली. गुरियाची चंद्रकोरीसारखी, आत उकडलेलं अंडं, नाताळाला करतात. पेनोवानी पापुद्र्यांची, सकाळी रस्त्यावर कागदात गुंडाळून देतात. आच्मा तर वेगळंच प्रकरण: पातळ लाटलेले थर आधी पाण्यात उकळायचे, मग लोणी-चीज घालत एकावर एक रचून भाजायचे. याला किती कष्ट पडतात ते एकदा भटारखान्यात उभं राहून बघा.

आणि अजारुली, होडीसारखी, मधे चीजचा तलाव, वर पिवळा बलक आणि लोण्याचा गोळा, ती समुद्रकाठच्या लोकांची आहे. ती खाण्याचीही रीत आहे. आल्या आल्या, वाफ असतानाच, बलक आणि लोणी चीजमध्ये फिरवायचं, मग होडीचं टोक मोडून त्यात बुडवायचं, कडेकडेने खात मधे यायचं. सुरी-काट्याने पिझ्झासारखे तुकडे केलेत तर सगळं ओघळून जातं. ज्यांना जड वाटते ते एकटे एक संपवायला बसतात. दोघांत एक पुरते.

तिबिलिसीतल्या एका अर्थशास्त्राच्या संस्थेने तर 'खाचापुरी निर्देशांक' काढलाय. एक इमेरेती खाचापुरी घरी करायला पीठ, चीज, अंडी, दूध, लोणी, यीस्ट, गॅस, वीज मिळून किती खर्च येतो त्यावरून महागाई मोजतात. २००८ पासून चालू आहे. ज्या पदार्थावर देशाची महागाई मोजतात त्याला "त्यानंतरचा मान" कसा?

---

रानजाई

गिरणगाव, बातुमीतल्या अजारुलीबद्दल तुमच्याशी कोण वाद घालणार! समुद्रकाठी, भट्टीसमोर बसून खाल्लेली अजारुली अप्रतिमच. आणि खाण्याची रीत तुम्ही नेमकी सांगितलीत. माझा आग्रह इतकाच आहे की पहिल्याच जेवणाला तिच्यावर पोट भरू नये. ती आली की दुसऱ्या कशाला जागा उरत नाही, आणि मग प्खाली, सात्सिवी, अजाप्संदाली न चाखताच माणूस परत येतो. आच्मा मात्र मीही लोकांना आग्रहाने खाऊ घालते, त्यातले कष्ट जाणवतात.

---

सांजवात

माझी मुलगी तिबिलिसीत वैद्यकीय शिक्षण घेतेय. हजारो भारतीय मुलं आहेत तिथे, आपल्या महाराष्ट्रातलीही बरीच. मेसमध्ये वरण-भात, पोळी-भाजी मिळते, त्यामुळे कितीतरी मुलं पहिलं वर्षभर बाहेरचं काही खातच नाहीत. मला हे पाहून हळहळ वाटली. सहा वर्षं एका देशात राहायचं आणि त्या देशाचं अन्न परकं ठेवायचं?

मी महिनाभर तिच्याकडे राहिले तेव्हा आम्ही गल्लीतल्या तोनेवाल्याकडे जायचो. बऱ्याच बेकऱ्या तळघरात असतात, फुटपाथच्या पातळीला खिडकी, तिथूनच गरम शोती हातात देतात. माणूस कमरेपर्यंत भट्टीत वाकून रोटी थापतो, बघताना जीव वर-खाली होतो. लोबियानी, राजम्याचं सारण भरलेली, थोड्या लारीत (लारी हे तिथलं चलन) मिळते आणि एका वेळचं जेवण होतं. विद्यार्थ्यांना याहून चांगला डबा नाही. १७ डिसेंबरला त्यांचा बार्बारोबा सण, संत बार्बाराचा, त्या दिवशी घरोघर लोबियानी असते. मुलीच्या घरमालकीणबाईंनी वर आणून दिली. कुणी परकं आहे म्हणून कमी-जास्त नाही, जितकी घरच्यांना तितकीच आम्हाला.

गोडात चुरचखेला. अक्रोड दोऱ्यात ओवून, द्राक्षाच्या रसाला पीठ लावून दाट केलेल्या खिरीत बुडवून वाळवतात. आणि प्लमचा रस पातळ पसरून वाळवलेली त्क्लापी, थेट आपली आंबापोळी, फक्त आंबट. ती नुसतीही खातात आणि खारचोत आंबटपणासाठीही घालतात. मी आणलेली त्क्लापी इथे आमटीत कोकमाऐवजी घातली, छान लागली.

---

द्राक्षबाग

नाशिककडचा द्राक्ष बागायतदार आहे, त्यामुळे वाइनवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिबिलिसीच्या दक्षिणेला, गादाच्रिली गोरा आणि शुलावेरी इथे सापडलेल्या मडक्यांच्या खापरांत सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या द्राक्षवाइनचे अंश मिळाले. त्यांची क्वेव्री म्हणजे अंड्याच्या आकाराचा मोठा मातीचा रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, आतून मधमाशांच्या मेणाचा हात दिलेला. २०१३ मध्ये युनेस्कोने ही पद्धत वारसा यादीत घेतली.

बागायतदार म्हणून मला भावलं ते असं, की कखेतीत पांढरी द्राक्षंही सालं, बिया, देठांसकट रांजणात टाकतात आणि पाच-सहा महिने तशीच ठेवतात. म्हणून ती वाइन अंबरच्या रंगाची होते आणि जिभेवर तुरटपणा येतो, चहाच्या जवळ जाणारा. पहिल्या घोटाला चेहरा वाकडा होतो. सात्सिवीबरोबर घ्या, तेलकट अक्रोड आणि तुरट वाइन एकमेकांना सांभाळून घेतात. जातींत रकात्सितेली, किसी पांढऱ्या. सापेरावी काळी, तिचा गरसुद्धा लाल असतो, जे द्राक्षात क्वचित दिसतं. हॉटेलात बाटलीऐवजी घरची वाइन सुरईत, लिटरवर मागा, स्वस्त पडते आणि बहुधा चांगली असते.

२००६ मध्ये रशियाने जॉर्जियन वाइन आणि खनिज पाण्यावर बंदी घातली, ती २०१३ पर्यंत चालली. सगळी भिस्त एका बाजारावर होती. तो बंद झाल्यावर त्यांना दर्जा सुधारून दुसरीकडे गिऱ्हाईक शोधावं लागलं. आम्हा द्राक्षवाल्यांनी हे नीट अभ्यासायला हवं.

न पिणाऱ्यांसाठी: तार्खुना, टॅरॅगॉनच्या पानांचं हिरवंगार सरबत. मित्रोफान लागिद्झे याने १८८७ मध्ये कुताइसीत सरबतांचा धंदा सुरू केला, त्याच्या नावाची सरबतं आजही मिळतात. पेअरचंही छान. बोर्जोमी नावाचं खनिज पाणी मात्र खारट सोड्यासारखं लागतं, आधी लहान बाटली घ्या.

---

निरामय

एक महत्त्वाची गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. घरात अक्रोडाची अॅलर्जी असेल तर जॉर्जियन हॉटेल हे फार सावध राहण्याचं ठिकाण आहे. मेनूवर न लिहिताही अक्रोड असतात: खारचोत, काही ठिकाणी लोबिओत, कोशिंबिरीच्या ड्रेसिंगमध्ये, वांग्यात, माशावरच्या रश्श्यात, गोडात तर सगळीकडेच. "निग्वझिस गारेशे" म्हणजे अक्रोडाशिवाय, हे कागदावर जॉर्जियन लिपीत लिहून घ्या आणि वेटरला दाखवा. शिवाय एकाच खलबत्त्यात, एकाच पाटीवर सगळं होतं, त्यामुळे तीव्र अॅलर्जी असलेल्यांनी भट्टीतली साधी रोटी, म्त्स्वादी, उकडलेले बटाटे यांपलीकडे जाऊ नये. औषध खिशात असलंच पाहिजे. मुलांच्या बाबतीत तर अजिबात धोका पत्करू नका.

---

मांडवी

जॉर्जियाचं आणि आमच्या गोंयचं नातं इथे सांगायलाच हवं. कखेतीची राणी केतेवान, धर्म सोडायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये इराणच्या शाह अब्बासच्या हुकमाने शिराझमध्ये तिचा छळ करून वध झाला. तिथल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग जुन्या गोव्याला आणला आणि सेंट ऑगस्टिनच्या चर्चमध्ये ठेवला. ते चर्च पुढे कोसळलं, आज फक्त उंच मनोऱ्याचा भाग उभा आहे. पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात अस्थी सापडल्या, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत डीएनए तपासणी झाली, आणि जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्यातला अंश तिबिलिसीत जॉर्जियाच्या हाती सोपवला.

कखेतीत एका जेवणात मी गोव्याची आहे असं सांगितलं. टेबलाच्या प्रमुखाने, ज्याला तामादा म्हणतात, त्याने पेला उचलून केतेवानच्या नावाने टोस्ट सांगितला. त्यांच्या सुप्रा मेजवानीत कुणी मनाला येईल तेव्हा घोट घेत नाही. तामादा बोलतो, शांततेसाठी, देशासाठी, गेलेल्यांसाठी, मुलांसाठी, पाहुण्यांसाठी. त्यानंतर "गाऊमार्जोस" म्हणून सगळे पितात. बोलणं चालू असताना चमचाही वाजवायचा नाही. मधेच शेजारच्या टेबलावरून तिघांनी तीन वेगळ्या सुरांत गाणं धरलं. ही बहुसुरी गायकी युनेस्कोच्या यादीत आहे, आणि त्यातलं 'चाक्रुलो' १९७७ च्या व्हॉयेजर यानावरच्या ध्वनिमुद्रिकेत अंतराळात गेलंय. माझे डोळे भरून आले.

---

हडसनकाठ

मांडवी, अंगावर काटा आला वाचताना.

आम्ही न्यू जर्सीत असतो. ब्रुकलिनच्या ब्रायटन बीच भागात तोने भट्टीच्या जॉर्जियन बेकऱ्या आहेत, शनिवारी तिथून गरम शोती घेऊन येतो. खाचापुरी तर आता मॅनहॅटनमध्येही सर्रास मिळते. पण प्खाली दर वेळी मिळेलच असं नाही. रानजाई, घरी करता येईल का? निळी मेथी इथे मिळाली नाही.

---

रानजाई

जरूर येईल. पालकाची एक मोठी जुडी उकळत्या पाण्यात मिनिटभर घालून काढा, गार पाण्यात टाका, आणि पिळा. इथे कंटाळा करू नका, पाणी राहिलं तर प्खाली बसत नाही. सुरीने बारीक चिरा, मिक्सरमध्ये लगदा करू नका. वाटीभर अक्रोड, दोन लसूण पाकळ्या, अर्धा चमचा धनेपूड, मूठभर कोथिंबीर, चिमूटभर तिखट, मीठ, चमचाभर व्हिनेगर. निळ्या मेथीऐवजी चुरडलेली कसुरी मेथी, अगदी चिमूटभर. मेथीदाणे घातलेत तर कडू होईल. झेंडूची पूड नसेल तर सोडून द्या. त्याऐवजी हळद घालू नका, चव पार बदलते. सगळं मळून गोळे करा आणि दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. अक्रोड आधी एक चावून बघा, खवट असतील तर त्या दिवशी हा बेत नको. बीट उकडून, किसून, पिळून हाच प्रकार करा, रंग सुंदर येतो.

---

तिखटमीठ

ताई, सासूबाईंना धागा वाचून दाखवला. इंडियन हॉटेलांचं बुकिंग रद्द करायला त्यांनीच सांगितलं! चीजचं मात्र त्या म्हणाल्या नको. आम्ही चौघं. नवरा आणि मुलगा सगळं खातात. पहिल्या रात्री काय सांगायचं ते एकदा लिहून द्या. आणि बिलात काय बघायचं?

---

रानजाई

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

पहिल्या रात्री: पालक आणि बीटची प्खाली, एक प्लेट वांग्याची बद्रिजानी, अक्रोडाची काकडी-टोमॅटो कोशिंबीर, दोन शोती. हे येऊ द्या, खायला लागा. मग एक लोबिओ म्चादीसकट, तुम्हा दोघींना पुरेल, जोंजोलीचं लोणचं बरोबर. नवऱ्याला आणि मुलाला एक श्क्मेरुली, म्हणजे राचा भागातल्या श्क्मेरी गावची लसूण-दुधातली कोंबडी. ती मातीच्या तव्यात उकळत येते, शोती बुडवून खायची. बद्रिजानी-कोशिंबिरीवर कुठे किसलेलं चीज भुरभुरतात, ते नको म्हणून आधीच सांगा. ऑक्टोबर म्हणजे द्राक्षतोडणीचे दिवस, गोडाला पेलामुशी विचारा, द्राक्षरसाची घट्ट खीर, त्यात दूध-साखर काही नसतं.

बिलात बऱ्याच ठिकाणी सेवाशुल्क आधीच जोडलेलं असतं, मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहितात. ते असेल तर वेगळी टीप द्यायची गरज नाही. रोटीचे पैसे वेगळे लागतात. नळाचं पाणी तिथे पिण्यासारखं असतं, बाटली आग्रहाने दिली तरी घेतलीच पाहिजे असं नाही.

खिंकाली नगावर मिळते, आणि एका प्रकारचे किमान काही नग घ्यावे लागतात, म्हणून मशरूमची आणि मांसाची एकत्र मोजतील असं धरून चालू नका. ती सगळ्यांत शेवटी सांगा. मागवल्यावर उकळायला टाकतात, आणि आली की लगेच खायची, कारण गार झाली की पारी चिवट होते. उरलीच तर तळून द्यायला सांगा. तळलेली खिंकाली सकाळच्या चहाबरोबर फार छान लागते.